सत्काराचं पेन

परदेशी वस्तूला कधी न शिवलेले खादीधारी स्वातंत्र्यसैनिक अण्णाजी नाचणगावच्या माणिक खराद्याकडे तावातावानं गेले. "माह्या सत्काराचं पेन अन् ब्रह्मदेशी लाकडाचं? बंद कर!" "बोलू नका अण्णाजी, पटाशी हलली तं फुटन," माणिक म्हणाला आणि पायानं लाकूड कातायचा खराद फिरवतच राहिला. काळपट ढलप्या गळल्या आणि बोटभर लाकडातून तांबूस सोनेरी भोवरे वर आले, एकात एक, जणू पुराची नदी जागीच थबकली. अण्णाजींनी नकळत चपला काढल्या. "टाकून देऊ मंग? बाभळीचं करून देतो," माणिकनं खराद थांबवून विचारलं. अण्णाजींनी तो तुकडा प्रसादासारखा ओंजळीत घेतला. "हे इकडे आलं कधी?" "माह्या आजानं आणलं, इंग्रजाच्या काळात. काऊन?" "तवा ब्रह्मदेश अन् आपण एकाच सरकारात होतो. म्हणजे लाकूड स्वदेशीच!" ज्या इंग्रज सरकारविरुद्ध लढून तुरुंग भोगला, त्याचा नकाशा अण्णाजींनी बिनशर्त मान्य केला.