मुठीतला सेल

जोविटाचा आयर्लंडच्या हॉस्पिटलसाठी चार वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू होता आणि ठाण्यातल्या बाळकुमच्या घरातला एकमेव कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. मोबाइल चालणार नाही, असं हॉस्पिटलवाल्यांनी बजावलेलं. व्हिडिओ अडकू नये म्हणून तिच्या भावाने, डिनोने, सकाळी प्रोसेसरचा स्पीड वाढवलेला. तेव्हापासून पंखा फिरत होता, स्क्रीन काळीच. “होईल ना रे?” ती येरझाऱ्या घालत विचारत होती. डिनोला उपाय माहीत होता. आतला नाण्याएवढा सेल काढून परत बसवला, की मशीन वाढवलेला स्पीड विसरून सुरू होतं. सेल काढून त्याने मुठीत घट्ट धरला. जोविटा गेली, की घरात तो आणि मम्मीच. “नाही होत वाटतं,” तो पुटपुटला. जोविटा शेजारी लॅपटॉप मागायला धावली. मागून सगळं बघत असलेल्या मम्मीने हळूच त्याची मूठ उघडली. “लाव रे तो. मला तरी कुठे पाठवायचंय तिला?”