निळ्या झाकणाचं पाणी

श्रीनाथरावांचा डोळा लागलेला पाहून ऋचानं स्टुलावरची त्यांची अर्धी बाटली उचलली आणि वॉर्डाच्या बेसिनमध्ये रिकामी केली. तिच्या जागी पिशवीतून आणलेली दुसरी ठेवली. तीच कंपनी, तेच निळं झाकण, आत मात्र घरी उकळून गार केलेलं पाणी. सासऱ्यांशी असली लबाडी ती पहिल्यांदाच करत होती.

सकाळी फोनवर सरळ सांगून पाहिलंच होतं, की बाबा, आजपासून उकळलेलं प्या. पण किमो सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी सीलबंद पाणी सांगितलेलं, आणि सीलबंदातही बाबांना सुनेच्या कंपनीचंच हवं. बाबांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कंपनीची रीत अशी होती, की माल भरला त्याच दिवशी लॅबमध्ये बसून ऋचानं ‘पास’ची सही करायची, गाड्या नानाखेड्याच्या दुकानांकडे सुटायच्या, आणि तपासणीच्या प्लेटवर जंतू उगवलेत का ते दोन दिवसांनी बघायचं. बैल गेला अन् झोपा केला! आजवर काही उगवलं नव्हतं, म्हणून तिनंही चालवून घेतलं. आज सकाळी प्लेट हिरवट ठिपक्यांनी भरलेली होती. धडधाकट माणूस हे जंतू पचवूनही टाकेल, पण किमोनं अंगातली ताकद गेलेल्याला ते पुरून उरतात. ती प्लेट घेऊन मालकांकडे धावली. त्यांनी नीट पाहिलीसुद्धा नाही.

“मैडम, माल तो परसों ही निकल गया. अब दूसरा सैंपल लगा दो.”

आणि बाबा परवापासून तेच पाणी पीत होते.

“कधी आलीस गं?” श्रीनाथरावांनी डोळे उघडले. “जयंत नाही आला?”

“येतायत, ऑफिसातून निघालेत.” तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला. सिस्टर म्हणाली होती, सकाळपासून ताप उतरतच नाहीये.

त्यांनी बाटली तोंडाला लावली. दोन घोट घेऊन धापा टाकत हसले. “वा! दुसऱ्या कुठल्या पाण्याला ही चव नाही बघ. तुझ्या हातचं ना शेवटी.”

ऋचाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या खाटेवर आगर गावाकडचा एक तरुण होता. दुखणं तेच, औषधंही तीच. त्याच्या उशाशी बसलेली बायको ऋचाकडे बघून ओळखीचं हसली. “दीदी, आप ही पानी टेस्ट करती हो ना? बाबूजी ने बताया, तब से हम भी यही मँगाते हैं. अब तो पूरे वार्ड में सब यही लेते हैं.”

ऋचानं मान वर केली. भिंतीपर्यंत खाटांची रांग, प्रत्येक खाटेजवळ स्टूल, आणि बहुतेक स्टुलांवर निळं झाकण.

ती त्या बाईच्या कानाशी वाकली. “भाभी, ये पानी मत पिलाइए. उबालकर पिलाइए.”

“उबालें कहाँ, दीदी? हम तो यहीं बरामदे में पड़े हैं.” बाई गोंधळली. तिच्या मांडीवर नवी, न उघडलेली बाटली होती. “फिर कौन सा पिलाएँ? आप ही बता दो.”

खाली दुकानात आणखी चार कंपन्यांचं पाणी मिळत होतं. त्यांच्याकडेही हीच रीत असते, हे तिला ठाऊक होतं. घरून आणलेली बाटली एकच होती, आणि ती बाबांच्या हातात होती.

“क्या हुआ?” श्रीनाथरावांनी उशीवरूनच आवाज दिला. बाईचा पडलेला चेहरा तेवढा त्यांना दिसला होता. “अरे, बेफिक्र पिलाइए! हमारी बहू की साइन के बिना एक बोतल बाहर नहीं जाती.”

बाईनं ऋचाकडे पाहिलं. ऋचानं नजर बाबांच्या हातातल्या बाटलीकडे वळवली.

“सुन रहे हो? पानी पी लो,” बाई नवऱ्याला म्हणाली, आणि तिनं झाकण फिरवलं. सील कट्कन तुटलं.