नसलेला कण

“चुकलो मी,” फोन खाली ठेवत बाबा म्हणाले. मग खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

बाबांचं सगळं आयुष्य एका कणामागे गेलं होतं. तो कुणी पाहिला नव्हता, पण असायलाच हवा, असं त्यांचं गणित सांगत होतं. तो शोधायला दूर एका डोंगराच्या पोटात भलंमोठं यंत्र बसवलं होतं. कण नाही, असं यंत्राने आज सांगितलं. जगाला कळायच्या आधी तिथल्या शास्त्रज्ञांनी बाबांना फोनवर कळवलं. एवढी माणुसकी त्या धंद्यात अजून आहे.

घरात कुणी गेल्यासारखं सगळे हळू बोलू लागले. आईने मिक्सरसुद्धा लावला नाही. शेवटी ती मुलीजवळ येऊन बसली. मुलीला बाबांच्याच विषयात, सैद्धांतिक भौतिकशास्त्रात, संशोधनाची जागा मिळाली होती. होकार की नकार, ते आजच कळवायचं होतं. दुसरीकडे बँकेतली नोकरी तयार होती.

“बघितलंस ना? एवढी हुशारी, आणि हाती आलं धुपाटणं,” आई म्हणाली. “तू नाही म्हणून कळव बाई. पण आधी ह्यांच्या कानावर घाल. बाहेरून कळलं तर आणखी लागेल.”

मुलीला पटलं. खरं तर ती घाबरली होती. बाबांच्या जागी तिला ती स्वतःच दिसत होती, म्हातारी आणि रिकाम्या हातांची.

ती आत गेली. बाबांचे डोळे सुजले होते.

“खूप वाईट वाटतंय?”

“खूप. शरीरातलं काहीतरी कापून काढलंय असं वाटतंय.” त्यांनी तिला जवळ बसवलं. “आमचे सर आठवले गं. त्यांचं गणित तपासणारं यंत्र त्यांच्या हयातीत झालंच नाही. दवाखान्यात नळ्या लावलेल्या, तरी मला विचारायचे, ‘काही कळलं का रे?’ मी नाही म्हणायचो. तसेच गेले बिचारे.” त्यांनी डोळे पुसले. “मला निदान कळलं.”

ती त्यांचा हात धरून बसून राहिली. मग तिथेच बसून तिने मोबाइलवरून उत्तर पाठवलं.

ती बाहेर आली तेव्हा आई दाराशीच उभी होती.

“फार लागलंय का गं ह्यांना?”

“फार.”

“आणि तू? कळवलंस ना?”

“कळवलं,” मुलगी म्हणाली. “येते म्हणून.”