नवसाची त्रिज्या

दहावीची परीक्षा तोंडावर आली, तरी भूमिकाच्या डोक्यात वर्तुळाचा धडा काही केल्या शिरेना. लेकीला तो एकदाचा समजावा म्हणून शीलाबाईंनी शहाद्याच्या पिंपळाला फेऱ्या बोलल्या आणि दुखरे गुडघे सांभाळत पाराच्या कडेकडेनं त्या चालू लागल्या.

मायचे हाल भूमिकाला बघवेनात. "माय, इतली लांबथून काब्र फिरी ऱ्हायनी? खोडना जवळथून चाल ना! त्रिज्या कमी व्हयनी का परीघ बी कमी व्हस. फेरी पुरी अन् चालणं थोडं!"

शीलाबाई जागीच थबकल्या. डोळे भरून आले, हात आपसूक जोडले गेले.

"देव पावना वं बेटी! तुले वर्तुळ समजनं!"

आणि उरलेल्या फेऱ्या त्यांनी आनंदानं आणखी लांबून घातल्या.