खुर्चीचा ताबा

प्राध्यापकांचे सासरे आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आले, त्याला सुमारे वर्ष झालं. खिडकीजवळची मऊ गादीची खुर्ची पूर्वी प्राध्यापकांची होती. आल्या दिवसापासून सासरे तिच्यात बसत आणि प्राध्यापक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून व्याख्यानं लिहीत. सासरे निवृत्त मुद्रितशोधक, त्यामुळे ती व्याख्यानं ते हौसेने तपासून देत.

आज वर्गात विषय होता, प्राचीन रोमचा कायदा आजही कसा टिकून आहे. "एखादी वस्तू आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने कोणी वर्षभर उघडपणे वापरली, आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर रोममध्ये ती त्याच्या मालकीची होई," प्राध्यापक म्हणाले. "आजही अनेक देशांत हा नियम आहे. मुदत तेवढी वाढली." बोलता बोलता त्यांना खुर्ची आठवली आणि तास संपताच ते तडक घरी निघाले.

घरी पोचल्यावर बूटही न काढता ते म्हणाले, "बाबा, या खुर्चीबद्दल माझी हरकत आहे."

सासऱ्यांनी व्याख्यानाचे कागद बाजूला ठेवले. "वर्ष कालच पूर्ण झालं, जावईबापू."

"पण प्रामाणिक समजूत लागते. खुर्ची माझी आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."



"होतं की. म्हणून तर आल्या दिवशी मी स्टुलावर बसलो होतो. तुम्हीच हाताला धरून उठवलंत आणि म्हणालात, 'बाबा, ही खुर्ची आजपासून तुमचीच समजा.'"