हेमलता शेवट फोडते

ई-रीडरवर हेमलताची शिफारस झळकली: ‘ही रहस्यकथा वाचच. शेवट सांगत नाही, मजा जाईल.’

वृंदाच्या मनात पाल चुकचुकली. हेमलता शेवटचं पान आधी वाचायची आणि भेटेल त्याला सांगून मोकळी व्हायची. ई-रीडर घेऊन वृंदा तडक समोरच्या इमारतीत गेली.

हेमलताने दार जेमतेम उघडलं. “मी कुठे काय सुचवलं? उलट तूच मला रोज पुस्तकं सुचवतेस!”

“मी? नाही गं!”

दोघी एकमेकींना निरखत राहिल्या. शेवटी वृंदाने ई-रीडर पुढे केला. नाव वाचताच हेमलता म्हणाली, “ही होय! डॉक्टरच खुनी आहे.”

वृंदाचा जीव भांड्यात पडला. ही खरी हेमलताच होती.

ती घरी पोचली, तोवर ई-रीडरवर हेमलताच्या नावाने नवी शिफारस आली होती: ‘हीपण वाच. बहीणच खुनी आहे.’