बॅटरी का उतरत होती

नदाफभाईंनी चालू गाडीच्या बॅटरीला मीटर लावला आणि तिला म्हणाले, "जरा रेस द्या." तिने ॲक्सिलरेटर दाबला. आकडा बारावरच राहिला.

"चौदाच्या आसपास जायला पाहिजे. अल्टरनेटर चार्जच करत नाही. नवी बॅटरी टाकली तरी दोन दिवसांत उतरणार."

तिने पाय उचलला. बाबा होते तेव्हाही बॅटरी वरचेवर उतरायची. ते गाडीचे दिवे चालूच ठेवून येतात, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. बाबांच्या लक्षात राहत नाही, हे तिने आत्याला सांगितलं, भावाला सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं. मग एक दिवस गाडीची किल्ली काढून घेतली. त्यानंतर सहा महिने ते जगले, आणि गॅस बंद केला का, गोळी घेतली का, हेसुद्धा तिलाच विचारायला लागले.

"ही सोमणकाकांची गाडी ना?" वायर सोडवत नदाफभाई म्हणाले. "गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. मी दोनदा म्हटलं होतं त्यांना, काका, मीटर लावू द्या, पाच मिनिटांचं काम आहे. नको म्हणाले. म्हणे, मुलगी प्रोफेसर आहे, ती म्हणते मीच विसरतो, म्हणजे विसरतच असेन."

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारी राहते," ती म्हणाली.